मूल ज्या घरात झोपतं, त्या घरापासून सुरुवात करा

प्रश्न (थोडक्यात): बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आम्ही सहा जणी मिळून काम करतो. दोघी निवृत्त शिक्षिका, एक नर्स, एक वकील आणि दोघी बचत गटाच्या. गेल्या दीड वर्षात आमच्या माहितीतल्या तीन मुलांना घरात अत्याचार झाल्यामुळे बालकल्याण समितीच्या (संकटातल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीच्या) आदेशाने नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबाकडे ठेवलं गेलं. त्यातली दोन मुलं सहा महिन्यांच्या आत बालगृहात गेली. कुटुंबं चांगली होती, पैसेवाली नसली तरी मायेची होती. तिसरं मूल अजून मावशीकडे आहे. आमच्या भागातली ही व्यवस्था सुधारायची तर आम्ही नेमकं काय करावं?

उत्तर:

ताई, "कुटुंब चांगलं होतं, तरी टिकलं नाही" हे वाक्य मी या कामाच्या २२ वर्षांत फार वेळा ऐकलं. आधी बालसंगोपनाचं काम करणाऱ्या संस्थेत गृहभेटी करताना, नंतर बालकल्याण समितीवर बसल्यावर. मागे जाऊन पाहिलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. मूल त्या घरी पोचलं त्या संध्याकाळनंतर त्या घराकडे कोणी फिरकलेलं नसतं.

आपली सगळी यंत्रणा आदेश निघेपर्यंत जोर लावते. पोलीस, वैद्यकीय तपासणी, समितीपुढे हजर करणं, सामाजिक तपासणी अहवाल, मग आदेश. मूल घरी सोडलं की सगळ्यांना वाटतं, सुटलं बिचारं. खरा अवघड भाग तिथून पुढे असतो आणि तो एका बाईच्या पदरात पडतो. बहुधा आजीच्या, मावशीच्या नाहीतर आत्याच्या. तिच्या हातात मूल येतं, आदेशाची एक प्रत येते आणि "काही लागलं तर सांगा" एवढं ऐकून ती घरी जाते. म्हणून तुम्ही सहा जणींनी आधी मुलाला सांभाळणाऱ्या त्या बाईची जबाबदारी घ्यावी, असं मला वाटतं. मुलासाठी निदान कागदावर तरी समिती आहे, बाल संरक्षण अधिकारी आहे, वकील आहे. तिच्यासाठी कोणी नाही.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आठ वर्षांची मुलगी, आरोपी सावत्र बाप. आईने मुलीवर विश्वास ठेवला नाही, ती नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली. मुलगी आईच्या आईकडे आली. म्हणजे आजींच्या एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला पोटची लेक आणि मध्ये कोर्टातली केस. पाचव्या दिवशी शेजाऱ्याच्या मोबाईलवरून आजींचा फोन आला. "बाई, लेकरू रातच्याला उठतंय अन् भाकरीचं टोपलं हुडकतंय. उशाखाली भाकरी ठिवतंय. सगळ्या वाकळंला मुंग्या लागल्यात. काल म्या एक चापट मारली, तवापास्नं बोलतच न्हाई." बोलता बोलता आजी रडायला लागल्या. मुलगी जेवत होती पोटभर, प्रश्न भुकेचा नव्हता. आधीच्या घरात तिला शिक्षा म्हणून उपाशी झोपवायचे, त्यामुळे अन्न हाताशी असल्याशिवाय तिला झोपच लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. जाताना बाजारातून झाकणाचा एक स्टीलचा डबा घेतला, त्यात शेंगदाणे आणि गुळाचे खडे भरले आणि तो आजींच्या हातून मुलीला द्यायला लावला. आजी म्हणाल्या, "ह्यो तुजा. कवाबी उघड, मला इचारू नगं." डबा अंथरुणाशेजारी ठेवला. पहिले तीन आठवडे तो सकाळी रिकामा असायचा आणि आजी रोज रात्री भरायच्या. सातव्या आठवड्यात मी गेले तेव्हा त्यांनी मला आत नेऊन झाकण काढून दाखवलं. रात्री भरलेला डबा तसाच होता.

या घरात पोचलेली मदत किती होती, ते बघा. फोन उचलला गेला. २४ तासांत कोणीतरी दारात उभं राहिलं. चापटीबद्दल आजींना कोणी बोल लावला नाही, पण पुन्हा मारायचं नाही आणि त्याऐवजी काय करायचं, ते मात्र स्पष्ट सांगितलं. तो फोन उचलला गेला नसता तर महिन्याभरात आजी समितीपुढे येऊन म्हणाल्या असत्या, "मला झेपत नाही, हिला बोर्डिंगात घाला." आणि अहवालात लिहिलं गेलं असतं की मुलीला चोरीची सवय आहे.

आता कायद्याचा आधार, कारण तहसील कचेरीत, शाळेत आणि बँकेत तुम्हाला तो सांगावा लागेल. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधलं कलम ४४ प्रतिपालकत्वाचं आहे, आणि राज्याचे नियम २०१८ चे आहेत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल समिती तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात ठेवू शकते. दत्तक आणि हे यात लोक फार गल्लत करतात. दत्तकात मूल कायमचं त्या घरचं होतं. प्रतिपालकत्वात जन्मदात्यांशी असलेलं कायदेशीर नातं तुटत नाही आणि मूल परत घरी जाण्याची शक्यता खुली असते. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावं आणि समितीने दर महिन्याला पाहणी करावी, असं याच कलमात आहे. केंद्राने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना सुधारल्या. त्यानंतर ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही, मग ती अविवाहित असो, विधवा असो की घटस्फोटित, प्रतिपालक होऊ शकते. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगी ठेवता येत नाही. मूल कायद्याने दत्तक देण्याजोगं ठरलेलं असेल तर दोन वर्षं सांभाळलेल्या कुटुंबाला त्याला दत्तक घेण्याचा मार्गही आहे. आधी ही अट पाच वर्षांची होती.

नातेवाइकांकडे ठेवलेलं मूल आपल्याकडे बहुधा बालसंगोपन योजनेत, म्हणजे मूल सांभाळण्यासाठी दरमहा पैसे देणाऱ्या राज्याच्या योजनेत, बसवतात. मुलाच्या हिताचं असेल तर मला हा मार्ग पहिला वाटतो, कारण मुलाला माणसं ओळखीची असतात, बोली तीच असते, भाजीची चवही तीच.

एक धोका आत्ताच सांगून ठेवते. गावाकडे अजूनही नोटरीकडे जाऊन स्टॅम्प पेपरवर "मूल सांभाळायला दिलं" असं लिहून घेतात. या कागदाला काही अर्थ नाही. उद्या आरोपीच्या बाजूचा कोणी येऊन मूल घेऊन गेला तर सांभाळणाऱ्या बाईच्या हातात काहीच राहत नाही. आधी मूल समितीपुढे न्या, आदेश घ्या आणि आदेशाची झेरॉक्स बाईच्या पेटीत ठेवा.

नात्यातल्या घराची निवड करताना मात्र डोळे उघडे ठेवायला हवेत. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल अत्याचारांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला होता, १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून. महाराष्ट्र त्यात होता. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते, असं त्यात दिसलं. त्यामुळे "काकाचं घर आहे, सुरक्षितच असणार" असं धरून चालता येत नाही. मी प्रत्येक गृहचौकशीत तीन गोष्टी विचारायची. आरोपी तुमचा कोण लागतो? तो जामिनावर सुटून दारात आला तर तुम्ही काय कराल? आणि मूल कुठे झोपणार, त्या खोलीत दुसरं कोण झोपतं? दुसऱ्या प्रश्नाला लोक लगेच म्हणतात, "तंगडं मोडीन." मला ते उत्तर पुरत नाही. "दार लावून घेईन, पोरीला आत ठेवीन आणि ११२ लावीन" असं कोणी म्हणालं की मी निश्चिंत व्हायचे.

घरातल्या मुलांशी वेगळं बोला. सहा-सात वर्षांचं पोर सरळ सांगतं, की आबा दारू पितात आणि मग आम्ही मागच्या खोलीत जातो. मोरीला दार आहे का, आतून कडी लागते का, ते पाहा. घरात ये-जा करणाऱ्या प्रत्येक मोठ्या पुरुषाचं नाव लिहून घ्या, भाडेकरू आणि पाहुणासुद्धा. "मुलगी आली तर हिला कामात तेवढीच मदत होईल" असं कोणी बोलून गेलं तर ते घर बाजूला ठेवा. हे मी फार कडकपणे पाळलं आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या बाहेर पडतात, त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आज जे घर भरलेलं दिसतं तिथे पुढच्या महिन्यात फक्त आजी-आजोबा उरणार असतात. ऑगस्टमध्ये केलेला गृहचौकशी अहवाल डिसेंबरमध्ये खोटा ठरतो. म्हणून हंगामात या घरात कोण असेल, ते अहवालात वेगळं लिहायला लावा, आणि टोळी निघाली की पुन्हा एक भेट द्या. मावशी स्वतः कोयत्यावर जाणार असेल तर त्या सहा महिन्यांची सोय आधीच समितीपुढे ठेवा. नाहीतर मूल फडावर जाईल, शाळा सुटेल आणि राहुटीत आडोसा नसतो.

आता पहिले ९० दिवस. तुमचं बळ सगळ्यात जास्त इथे लागू दे.

मूल पोचण्याआधी एक वही तयार करा. आम्ही तिला ओळख वही म्हणायचो. साधी शंभर पानी वही. बालगृहातल्या मावशींना, शाळेतल्या बाईंना आणि अर्थातच मुलाला विचारून त्यात लिहायचं. घरी काय म्हणून हाक मारतात, दिवा चालू ठेवून झोपतं का, काय खात नाही, कशाला घाबरतं, पाळी सुरू झाली आहे का, कोणतं औषध चालू आहे, कुणाला फोन करावासा वाटतो, मनात घुसमट झाली की कुठे जाऊन बसतं. एका मुलाच्या वहीत लिहिलं होतं, "पट्ट्याच्या बकलाचा आवाज नको." त्या घरातल्या मामांनी त्या दिवसापासून पट्टा वापरणं सोडलं आणि पायजमा घालायला लागले. ही ओळ कुठल्याही सरकारी नमुन्यात बसली नसती.

अत्याचाराचा तपशील मात्र वहीत लिहायचा नाही. सांभाळणाऱ्या बाईला गरजेपुरतंच सांगावं. काय घडलं, याचं थोडक्यात स्वरूप, आरोपी कोण आणि कोणापासून जपायचं. बाकी मूल सांगेल तेव्हा ऐकायचं, आपणहून विचारायचं नाही. वारंवार विचारलं तर मुलाला त्रास होतोच, शिवाय बचाव पक्षाचा वकील कोर्टात म्हणतो की घरच्यांनी पढवलं. मूल काही बोललंच तर त्याच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवावं आणि बाल संरक्षण अधिकाऱ्याला कळवावं.

भेटींचं वेळापत्रक आमचं असं होतं: दुसऱ्या दिवशी फोन, तिसऱ्या दिवशी भेट, पहिला महिना दर आठवड्याला, मग पंधरवड्याने. तुम्ही सहा जणी आहात, घरं तीन-चार असतील, म्हणजे सहज जमेल. एका घराला दोघींचीच ओळख करून द्या, सहाही जणींनी तिथे जाऊ नये. संस्थेच्या नावाची गाडी दारात उभी करू नका, गाव लगेच विचारतं. आणि भेटीला गेलात की निम्मा वेळ फक्त त्या बाईशी बोला, मुलापासून दूर. भाजी निवडत, नाहीतर दळण नीट करत. टेबलखुर्चीवर बसवून विचारलं की "सगळं ठीक आहे" एवढंच उत्तर मिळतं.

ती काय सांगेल, त्याची कल्पना देते. दहा वर्षांचं पोर अंथरूण ओलं करतं. शाळेतून दुसऱ्याची पेन्सिल आणतं. खोटं बोलतं, अगदी गरज नसताना. पदर सोडत नाही, किंवा उलट, अंगाला हात लावू देत नाही. पहिले दोन आठवडे फार शहाण्यासारखं वागतं आणि तिसऱ्या आठवड्यात ताट भिरकावतं. या शेवटच्या गोष्टीने चांगली चांगली घरं घाबरतात. "आधी बरी होती, आता अंगात आल्यासारखं करते." मी त्यांना सांगायची की ही बहुधा भरवसा बसू लागल्याची खूण आहे. आता इथून मला हाकलणार नाहीत ना, ते ती तपासून पाहते आहे. त्या आठवड्यात मदत पोचली पाहिजे. माझ्या पाहण्यातली बहुतेक घरं तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात मोडली.

लैंगिक अत्याचार सोसलेली काही मुलं खेळताना किंवा बोलताना वयाला न शोभणारं वागतात, क्वचित घरातल्या लहान मुलाशीही तसं वागू जातात. घरचे हादरतात आणि मग कोणालाच सांगत नाहीत. याबद्दल आधीच, मूल येण्यापूर्वी, शांतपणे बोलून ठेवा. असं झालं तर मारायचं नाही, "घाणेरडी" म्हणायचं नाही, चारचौघांत विषय काढायचा नाही. सरळ आवाजात सांगायचं, "अंगाच्या झाकलेल्या जागा ज्याच्या त्याच्या असतात. आपल्या घरात असं करत नाहीत. चल, आपण दोघी अंगणात जाऊ." मुलांना एका अंथरुणात झोपवायचं नाही, एकटं सोडायचं नाही, आणि त्याच दिवशी समुपदेशकाला फोन करायचा. मूल वाईट नाही, त्याच्याशी जे केलं गेलं तेच ते दाखवतं आहे, हे घराला पटलं की पुढचं काम सोपं होतं.

पैशाबद्दल. बालसंगोपन योजनेत राज्य सरकार दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये देतं. आधी ते १,१०० होते. २०२३ पासून ही योजना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व किंवा प्रतिपालकत्वासाठी महिन्याला ४,००० रुपये आहेत. रक्कम अपुरी आहे, पण त्याहून मोठी अडचण ती वेळेवर न मिळण्याची आहे. मूल पहिल्या दिवसापासून जेवतं आणि पैसे कित्येक महिन्यांनी खात्यात येतात. मधल्या काळात उधारी वाढते. मग घरातलाच कोणीतरी बोलून जातो, "दुसऱ्याचं पोर किती दिवस पोसायचं?" ते मुलाच्या कानावर पडतं.

इथे तुम्हाला दोन गोष्टी करता येतील. पहिली म्हणजे कागद. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, बोनाफाईड, बँकेचं पासबुक, यासाठी म्हातारी बाई तालुक्याला चार हेलपाटे घालते आणि चार दिवसांची मजुरी बुडवते. तुमच्यातल्या एकीने तिच्याबरोबर जाऊन एका दिवसात हे उरकायचं. तलाठ्यांना आधी फोन करून ठेवायचा. अर्जासोबत घरासमोर मुलाचा फोटो मागितला जातो. तो काढताना अंगणात गर्दी जमवू नका आणि तो तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही टाकू नका. दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. त्याच्या २०२० च्या नियमांतला आठवा नियम सांगतो की अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती लगेच रक्कम देण्याची शिफारस करू शकते आणि शिफारस मिळाल्यापासून आठवड्याच्या आत पैसे द्यायचे असतात. हे मागितल्याशिवाय होत नाही. तुमच्या वकील मैत्रिणीने अर्जाचा एक मसुदा तयार ठेवावा, प्रत्येक नव्या मुलाच्या वेळी नाव घालून द्यावा. अंतरिम नुकसानभरपाई विशेष न्यायालयाकडे आणि मनोधैर्य या पीडितांसाठीच्या राज्याच्या योजनेचं साहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, हे अर्ज वेगळे.

आणि तरीही पहिल्या तीन महिन्यांसाठी स्थानिक निधी लागतोच. बचत गटाच्या दोघी आहेत म्हणून सुचवते. महिन्याचं किराणा सामान, अंथरूण-पांघरूण, दोन शाळेचे गणवेश, एक चप्पल, एवढं पहिल्या दिवशी मुलाबरोबर गेलं पाहिजे. ते सामान सांभाळणाऱ्या बाईच्या हातून मुलाला मिळू द्या. आपण देऊन फोटो काढायचा नाही.

शाळेत बहुतेक वेळा दाखल्यावरून अडतं. मूळ शाळा टीसी देत नाही, कारण बाप अडवतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे की टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. तुम्ही दोघी शिक्षिका आहात, मुख्याध्यापक तुमचं ऐकतील. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांच्यापलीकडे शाळेत कोणालाही काही सांगू नका, त्यांनाही गरजेपुरतंच. ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ आणि पोक्सोच्या कलम २३ प्रमाणे गुन्हा आहे. गावात विचारणारे विचारणारच. त्यासाठी मुलाला आणि घरच्यांना एकच वाक्य ठरवून द्या: "शिकायला मावशीकडे आले आहे." सगळ्यांनी तेच बोलायचं. मुलाला हे वाक्य मिळालं की त्याचा किती ताण उतरतो, ते पाहण्यासारखं असतं.

कोर्टाच्या तारखेची तयारी घराची करावी लागते, एकट्या मुलाची नाही. तारखेच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, ताप येतो, भांडतं. पोक्सोमध्ये समिती सपोर्ट पर्सन, म्हणजे तपास आणि खटला चालू असताना मुलाला साथ देणारं माणूस, नेमू शकते. तो नेमला आहे का, ते विचारा, नसेल तर लेखी मागा. तुमच्यातल्या नर्सबाई या कामाला योग्य वाटतात, पण त्यांना आधी प्रशिक्षण मिळालं पाहिजे. मुलाला आरोपी समोर दिसू नये याची व्यवस्था न्यायालयाने करायची असते, भरवशाचं माणूस साक्षीच्या वेळी सोबत बसू शकतं आणि मुलाला पुन्हा पुन्हा बोलावलं जाऊ नये, हेही कायद्यात आहे. आदल्या दिवशी रिकामं न्यायदालन दाखवून आणा. आणि त्या दिवशी सांभाळणाऱ्या बाईची मजुरी भरून द्या, येण्याजाण्याचं वाहन वेगळं ठेवा. एकाच एसटीत आरोपीची आई आणि मूल समोरासमोर बसल्याचं मी पाहिलं आहे. त्या प्रवासानंतर ती मुलगी साक्षीला उभी राहिली आणि एक शब्द बोलू शकली नाही. ती चूक आमची होती, आम्ही गाडीची सोय केली नव्हती.

समितीवर असताना मला एक गोष्ट उशिरा कळली. आम्ही बाईला विचारायचो, "सांभाळाल ना?" ती "हो" म्हणायची. आम्ही तिला कधी विचारलं नाही की तू कशी आहेस. तिचीही झोप उडालेली असते. भावकीतले लोक तिच्याशी बोलणं टाकतात. आरोपीकडचे निरोप पाठवतात, केस मागे घे. सख्खी बहीण नाहीतर लेक तोंड फिरवते. कधी कधी त्या मुलाची हकीकत ऐकून तिला तिचं स्वतःचं लहानपण आठवतं, जे तिने आजवर कोणालाही सांगितलेलं नसतं. असे प्रसंग मला दोनदा आले आणि दोन्ही वेळा मी नुसती शेजारी बसून राहिले.

म्हणून महिन्यातून एकदा सांभाळणाऱ्या बायांना एकत्र आणा. आठवडी बाजाराचा दिवस धरा, म्हणजे घराबाहेर पडायला कारण लागत नाही. चहा, पोहे, दीड तास. मुलांना दुसऱ्या खोलीत खेळवायला कोणीतरी. भाषण नाही. नव्या बाईला जुनी बाई सांगते, "माझ्या पोरानं बी ताट फेकलं व्हतं, चार म्हैन्यानं निवळलं," त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा माझ्या कुठल्याही प्रशिक्षणाचा झाला नाही. यापलीकडे विसाव्याची सोय बघा. दोन-तीन महिन्यांतून एकदा तिला लग्नाला, यात्रेला, दवाखान्यात जाता यावं यासाठी मूल ओळखत असलेलं, चौकशी झालेलं दुसरं माणूस हवं. समितीला कळवून आधीच नाव ठरवा. आणि रात्रीचा फोन. तुमच्यापैकी दोघींनी आठवडा वाटून घ्या. ते शक्य नसेल त्या रात्रीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली मानस १४४१६, हे दोन नंबर तिच्या घरात भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून द्या.

कुटुंबात ठेवणं संस्थेपेक्षा बरं, हे सांगताना रुमानियाचा दाखला नेहमी देतात. बुखारेस्टमधल्या संस्थांतल्या १३६ लहान मुलांपैकी निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि प्रतिपालक कुटुंबांत ठेवली. कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ स्पष्टपणे चांगली झाली, दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची तर अधिकच. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. आपल्याकडे हा दाखला देताना एक भाग गळून जातो. त्या कुटुंबांना मानधन होतं आणि प्रकल्पाच्या सामाजिक कार्यकर्त्या त्यांना सतत भेटत होत्या. कुटुंब आणि पाठीशी उभं असलेलं माणूस, या दोन्हींचा तो परिणाम होता.

सरकारी बाजूने काय मागायचं, ते थोडक्यात. बालकल्याण समिती जिल्ह्याच्या ठिकाणी बसते. तुमच्याकडून मुलाला आणि बाईला घेऊन जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. ठरावीक दिवशी तालुक्याला बैठक घ्यावी, अशी लेखी मागणी अध्यक्षांकडे करा, जागा तुम्ही देऊ करा. मासिक पाहणी खरोखर होते का, ते नम्रपणे विचारत राहा. अधिकाऱ्यांशी भांडायला जाऊ नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षात माणसं थोडी आणि कामं फार असतात. तुम्ही भेटीचा एक पानी अहवाल दर महिन्याला नेऊन दिलात तर त्यांना तो हवाच असतो. ग्राम बाल संरक्षण समितीत अंगणवाडी सेविका असतात, त्यांना सोबत घ्या. पण छोट्या गावात त्या समितीतच आरोपीचा भाऊबंद बसलेला असू शकतो, तेव्हा तिथे एखाद्या मुलाचं नाव घेऊन चर्चा करू नका.

तुमच्याकडची जी दोन मुलं बालगृहात गेली, त्यांचा विषय बंद करू नका. तिथे जाऊन त्यांना भेटा. मुलांच्या मनात एकच बसलेलं असतं, की मी वाईट वागलो म्हणून मला परत पाठवलं. ज्या घरातून ती गेली त्या घरच्यांना येऊन भेटायची तयारी असेल तर समितीची परवानगी काढा. मावशीने नुसतं येऊन "तुझं काही चुकलं नाही रे, मलाच जमलं नाही" एवढं म्हटलं तरी मूल पुढच्या घरात वेगळ्या मनाने जातं. त्या घरच्यांनाही अपराधी वाटत असतं, त्यांच्याकडे कोणी गेलेलं नसतं. त्यांना विचारा की कोणत्या आठवड्यात काय झालं, कुणाला फोन केला होता का. तुमच्या तालुक्यात काय कमी आहे, याची यादी तुम्हाला त्या दोन घरांतून मिळेल.

आणि तिसरं मूल मावशीकडे अजून आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. बैठक, ठराव, अर्ज यांच्या आधी, या आठवड्यातच तुमच्यातल्या दोघी तिथे जा. दुपारी, मूल शाळेत असताना. मुलाची चौकशी नंतर करा. मावशीला आधी विचारा की रात्री झोप लागते का. तिला बोलू द्या, मध्ये सल्ला देऊ नका. निघताना तुमचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये घालून द्या आणि तिच्यासमोरच एकदा रिंग देऊन बघा.